लॉ कॉलेज चौकातून न्यायासनाकडे

नागपूरच्या वेस्ट हायकोर्ट रोडवर हायकोर्ट नाही, ते सिव्हिल लाइन्समध्ये आहे. लॉ कॉलेज चौकातून निघून लक्ष्मीभुवन, शंकरनगर करत धरमपेठ ओलांडणाऱ्या या रस्त्याला आपण नुसतं ‘डब्ल्यूएचसी’ म्हणून मोकळे होतो. पण नागपुरात वकिलाचा न्यायाधीश कसा होत आला, हे पाहायचं तर सुरुवात त्या कॉलेजपासूनच करावी.

आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखलं जातं. १९२४ ते १९३० या काळात विद्यापीठाच्या या लॉ कॉलेजचे प्राचार्य होते बॅरिस्टर व्हिव्हियन बोस. त्यांचे आजोबा सर बिपिन कृष्ण बोस बंगालमधून मध्य प्रांतात आलेले वकील. ते पुढे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नातू प्राचार्यपद सोडून सरकारी वकील झाला आणि १९३६ च्या जानेवारीत नागपूरला हायकोर्ट मिळताच त्याच महिन्यात न्यायमूर्ती म्हणून बसला.

पुढचं नाव मोहम्मद हिदायतुल्ला यांचं. जन्म लखनौचा, शिक्षण रायपूर, नागपूरचं मॉरिस कॉलेज आणि केंब्रिज. १९३० मध्ये ते नागपुरात वकिली करू लागले. १९४२ मध्ये सरकारी वकील, पुढच्याच वर्षी महाधिवक्ता, १९४६ मध्ये न्यायमूर्ती, १९५४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश.

दोघेही बाहेरून आलेल्या घरांतले, अल्पसंख्य म्हणावेत असे. पण केंब्रिज आणि बॅरिस्टरी पदरी होती, आणि सरकारी वकिलाची जागाही. ही जागा माझ्या मते फार महत्त्वाची. कोर्टाच्या बोर्डावर रोज तिचं काम असतं. त्यामुळे सरकारी वकील न्यायमूर्तींच्या नजरेसमोर असतो. खासगी वकिलाला अशील शोधावे लागतात, इथे सरकारच अशील. ज्याच्या घरात पिढीजात पक्षकार चालत येत नाहीत, त्याला या जागेइतका दुसरा आधार नाही. अमेरिकेतही तेच दिसतं. थर्गुड मार्शल हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. १९६७ मध्ये तिथे बसण्याआधी दोन वर्षं ते सॉलिसिटर जनरल, म्हणजे सरकारचेच वकील, होते.

१९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा दीक्षा घेणाऱ्यांत नागपूर हायकोर्टातले निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगीही होते. जन्माने ब्राह्मण. न्यायासनावरून उतरलेला माणूस बौद्ध झाला. बौद्ध घरातला माणूस न्यायासनावर चढायला मात्र बराच काळ जायचा होता. लगोलग १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचं स्वतंत्र हायकोर्ट गेलं आणि मुंबईचं खंडपीठ उरलं.

अशाच बौद्ध घरातल्या भूषण गवई यांचा जन्म १९६० चा, अमरावतीचा. सुरुवातीचं शिक्षण फ्रेझरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत, कायद्याची पदवी अमरावती विद्यापीठाची. वडील रा. सू. गवई हे रिपब्लिकन नेते, म्हणजे घर अगदीच अनोळखी नव्हतं. हे लपवण्यात अर्थ नाही. पण वडिलांची ओळख सभेत चालते, कोर्टात चेंबर लागतं. ते मिळालं बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे. भोसले माजी महाधिवक्ता आणि माजी न्यायमूर्ती. १९८५ ते १९८७ गवई त्यांच्याकडे ज्युनियर होते. तीनेक वर्षं मुंबई, मग १९९० पासून नागपूर खंडपीठ, महापालिकेची वकिली, ऑगस्ट १९९२ पासून वर्षभर सहायक सरकारी वकील आणि जानेवारी २००० मध्ये सरकारी वकील. पुन्हा तीच जागा! १४ नोव्हेंबर २००३ रोजी ते हायकोर्टाचे अतिरिक्त न्यायमूर्ती झाले.

वरिष्ठ न्यायालयांत आरक्षण नाही, हे या हिशेबात धरायला हवं. तिथे वाट बारमधून किंवा जिल्हा न्यायालयांतून काढावी लागते. के. जी. बालकृष्णन २०१० मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये गवई पोहोचेपर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायमूर्ती नव्हता. मे ते नोव्हेंबर २०२५ ते सरन्यायाधीश होते, त्या पदावरचे पहिले बौद्ध.

१ ऑगस्ट २०२४ च्या, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्यांनी या जातींनाही क्रीमी लेयर, म्हणजे पुढारलेल्यांना आरक्षणातून वगळण्याचा निकष, लावावा, असं स्वतंत्र मत नोंदवलं. आंबेडकरी चळवळीतल्या अनेकांना ते अजूनही पटलेलं नाही. ज्या वाटेने ते स्वतः गेले, तिथे आरक्षणाचा आधार कुणालाच नव्हता, हे लक्षात ठेवून मी ते मत वाचतो आणि तरीही विरोध करणाऱ्यांच्या बाजूने झुकतो.