गाभोळीचा मासा: धरण्याचा आणि सोडण्याचा इतिहास

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की कोकणातल्या ओढ्यांना गढूळ पाणी येते आणि नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. यांनाच चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतात. नवे, गार, वाहते पाणी हा त्यांच्या विणीचा इशारा असतो. नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरात ते शिरतात, कारण उथळ पाण्यात पिल्लांना खाद्य भरपूर मिळते आणि मोठ्या माशांचे भय कमी असते. माणूस पूर्वापार नेमका याच वाटेवर उभा राहिला आहे: बांधाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा सापळा, अरुंद जागी पाग, डोहाच्या कडेला गरी. या दिवसांत हाती लागणाऱ्या कितीतरी माद्या गाभोळीने भरलेल्या असतात. कोरड्या उन्हाळ्यानंतर गरीब घरात शिजणारे हे पहिले ताजे कालवण असल्याने या प्रथेची मुळे खोलवर गेली, यात नवल नाही.

विणीच्या प्राण्याला अभय देण्याचा विचार भारतात फार जुना आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या आणि डुकरिणी मारण्यास मनाई आहे. माशांसाठी मात्र त्याने वेगळी रीत ठरवली. तीन चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा, त्यांच्या लगतचे दिवस आणि उपोसथाचे म्हणजे व्रत-उपवासाचे दिवस यांत मासे मारू नयेत, विकूही नयेत, असा तो आदेश होता. चातुर्मासी पौर्णिमांपैकी आषाढी ऐन पावसाळ्यात येते. पाण्याखालच्या माशाला अंडी आहेत की नाहीत हे वरून दिसत नाही. त्यामुळे मासा न पाहता दिवस राखणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

महाराष्ट्रात काळाप्रमाणे जागाही राखली गेली. महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. भाविक त्यांना खायला घालतात, धरत नाहीत. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातही देवस्थानाच्या आश्रयाने महासीर मासा टिकून राहिला. समुद्रावर नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवण्याचा रिवाज होता. त्याचे पहिले कारण खवळलेला दर्या हेच. पण त्या विसाव्यात माशांची वीणही निर्धास्त पार पडे. चढणीच्या वाटेला मात्र ना देवाची राखण मिळाली, ना सणाची. डोहातला देवाचा मासा अंडी घालायला वर गेला की कोणाचाही होई.

इंग्रजी अमलात या हानीची पहिली मोठी सरकारी नोंद फ्रान्सिस डे याने केली. भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मत्स्योद्योगावरचा त्याचा अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बारीक आसाची जाळी, पाण्याच्या वाटांवरचे सापळे, विणीचे मासे आणि पिल्ले यांचा सरसकट संहार, हे त्याचे मुख्य आक्षेप. कायदा व्हायला १८९७ साल उजाडले. भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंग आणि विष यांवर बंदी घातली. सापळे, बांध व जाळ्याचे आस यांविषयी नियम करण्याचा आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी थांबवण्याचा अधिकार त्याने प्रांतांना दिला. अंड्यांवर आलेल्या मादीला थेट संरक्षण देणारे कलम त्यात नव्हते. ही उणीव नदीच्या माशाला महाग पडली.

पुढे समुद्राकडे अधिक लक्ष गेले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा; पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका बंद ठेवण्याची पद्धत आज रूढ आहे. गोड्या पाण्यात भर राहिला तो बीज तयार करण्यावर. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली, आणि तळ्यातल्या शेतीला नदीतल्या बीजावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीराची पिल्ले वाढवून पाण्यात सोडली गेली. काम मोलाचे, पण त्याला दुसरी बाजूही आहे. दख्खनचा महासीर कावेरीत सोडल्यावर तो तिथे फोफावला आणि त्या नदीचा स्वतःचा मोठा, कुबडाचा महासीर जवळजवळ दिसेनासा झाला. पैदास केंद्रातली पिल्ले म्हणजे नदीतल्या विणीची भरपाई, हे समीकरण चुकीचे ठरले.

गरी टाकणाऱ्यांपुढचा सर्वांत कठीण प्रसंग मरळीचा. मरळ पाणवनस्पतींत जागा साफ करून अंडी घालते, आणि अंडी फुटल्यावर आईबाप पिल्लांच्या राखणीला राहतात. तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा एकत्र श्वास घ्यायला वर येतो, तेव्हा पृष्ठभागावर पाऊस पडल्यासारखी चुळबुळ दिसते. मरळ खाली आहे हे जाणकार त्यावरूनच ओळखतो. तिथे गळ टाकला तर ती भुकेने नव्हे, राखणीसाठी झडप घालते. ती काढून नेली की थवा उघडा पडतो आणि इतर मासे, बगळे तो फस्त करतात. इतर माशांची गाभोळीची मादी पोटात हजारो अंडी घेऊन जाते. मरळीच्या बाबतीत अंडी घातल्यानंतरचे काही आठवडेही तेवढेच नाजूक असतात.

चढणीच्या पहिल्या पंधरवड्यात ओढ्याच्या तोंडाशी सापळा न लावणे, गरीला आलेली फुगल्या पोटाची मादी ओल्या हाताने धरून लगेच पाण्यात सोडणे आणि लाल थव्याजवळ गळच न टाकणे, एवढे गावोगावी ठरवता येण्याजोगे आहे. ग्रामसभांनी ते यंदाच्या मृगाआधी ठरवावे.