थांबायची वेळ: मेंटेनन्स विंडोची कुळकथा

एमआयटीत 1950 च्या सुमारास उभा राहिलेला ‘व्हर्लविंड’ हा संगणक हजारो निर्वात नळ्यांवर चाले, आणि त्यांतली एखादी कधी दगा देईल याचा नेम नसे. जे फॉरेस्टर यांच्या चमूने काढलेला तोडगा धाडसी होता. वेळ काढून काम थांबवायचं, विजेचा दाब मुद्दाम वरखाली करायचा आणि कमजोर झालेल्या नळ्यांना तपासणीतच उघडं पाडायचं. अवेळी होणारा बिघाड आपल्या सोयीच्या वेळी ओढून आणायचा. आज शेकडो व्हर्च्युअल मशीनना मेंटेनन्स विंडो नेमून देणाऱ्या स्क्रिप्टचं कूळ मी इथपासून मोजतो. जिथे थांबायला सवडच नव्हती, त्या अमेरिकी हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ यंत्रणेत 1958 पासून प्रत्येक केंद्रावर संगणकांची जोडी असे: एक कामावर, दुसरा राखीव, आणि देखभाल त्या राखीव संगणकाची.

व्हर्च्युअल मशीनची शाखा दुसऱ्या घरातली. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज केंद्रात 1967 साली सीपी-40 ही प्रणाली वापरात आली. एकाच यंत्रावर ती एका वेळी 14 व्हर्च्युअल मशीन चालवी. पुढे 1972 मध्ये व्हीएम/370 आली. साध्या सर्व्हरवर ही सोय रुळवली ती व्हीएमवेअरच्या 2001 मधल्या ईएसएक्सने. 2003 मध्ये व्हीमोशन आलं, आणि चालू मशीन आतलं काम न थांबवता एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागलं. होस्टची डागडुजी भरदिवसा होऊ लागली. पण मशीनच्या आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला पॅच लावून रिबूट द्यायचं, तर तिथे व्हीमोशन काय करणार? विंडो लागते ती मुख्यतः या गेस्टसाठी. त्यात नवं मशीन काही मिनिटांत उभं राहू लागलं, तशी संख्या फुगली आणि कोणतं मशीन कुणाचं हे ध्यानात ठेवणं माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं.

त्याच 2003 च्या जानेवारीत ‘स्लॅमर’ या वर्मने जगभरच्या एसक्यूएल सर्व्हरना गाठलं. बहुतेक कच्चे सर्व्हर दहा मिनिटांत त्याच्या तावडीत सापडले होते. त्याला रोखणारा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलै 2002 मध्येच दिलेला होता. असंख्य ठिकाणी तो लावलाच गेला नव्हता. ऑक्टोबर 2003 पासून कंपनीने पॅच द्यायचा दिवस बांधून घेतला: महिन्याचा दुसरा मंगळवार, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहा. भारतात तेव्हा मंगळवारची रात्र असते, त्यांच्या उन्हाळी वेळेनुसार साडेदहा, एरवी साडेअकरा. पुण्यात बसून तिकडचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा एका तासाचा फरक पाठ असतो.

वेळेवर काम सुरू करणारा नोकर युनिक्सकडे आधीपासून होता. 1979 च्या सातव्या आवृत्तीतला क्रॉन दर मिनिटाला जागा होऊन आपली यादी वाची. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार हे त्याचे पाच रकाने आजही तसेच आहेत. पण ‘दुसरा मंगळवार’ त्यांत सरळ लिहिता येत नाही. आज वापरात असलेल्या क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही भरले, तर दोहोंपैकी एक जुळलं तरी काम सुरू होतं. म्हणून जाणते लोक तारखेत 8 ते 14 लिहितात आणि आज मंगळवार आहे का हे स्क्रिप्टलाच तपासायला लावतात. ‘पॅचनंतरचा रविवार’ तर आणखी फसवा. महिन्याची एक तारीख सोमवारी किंवा मंगळवारी आली तर तो दुसरा रविवार असतो, एरवी तिसरा. डोळे मिटून ‘दुसरा रविवार’ लिहिणारा बऱ्याच महिन्यांत पॅच यायच्या आधीच विंडो उघडून बसतो.

क्रॉनची खरी उणीव मात्र वेगळी आहे. काम कधी सुरू करायचं हे त्याला कळतं, कुठवर चालू द्यायचं हे सांगायला त्याच्याकडे रकानाच नाही. मेंटेनन्स विंडोने या घराण्यात आणलं ते हेच, आणि माझ्या लेखी तिची सगळी किंमत यात आहे. रविवारच्या मेगाब्लॉकच्या पत्रकात दोन वेळा छापतात आणि प्रवाशाची सगळी भिस्त दुसऱ्या वेळेवर असते, तसं हे आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये डिसेंबर 2016 मध्ये आलेल्या विंडोच्या कमांडला सुरुवातीखेरीज दोन आकडे द्यावे लागतात: ड्युरेशन आणि कटऑफ. ड्युरेशन 4 आणि कटऑफ 1 म्हणजे विंडो चार तासांची, पण शेवटच्या तासात नवं काम हाती घ्यायचं नाही. तो राखलेला तास बिघडलेलं मशीन जुन्या स्थितीला परत आणण्यासाठी असतो. कटऑफला शून्य देणाऱ्याने सकाळी कामावर येणाऱ्यांचा विचारच केलेला नसतो. मंगळवारच्या गणितावरही तिथे उपाय आहे: वेळापत्रकात दुसरा मंगळवार लिहून पुढे किती दिवस थांबायचं ते ऑफसेटमध्ये द्यायचं.

उरतं ते कोणत्या मशीनला कोणती विंडो द्यायची हे काम. व्हीएमवेअरमध्ये 2012 च्या व्हीस्फिअर 5.1 पासून मशीनला टॅग लावता येतो. विभागांकडून आलेली यादी सीएसव्ही फाइलमध्ये असते. पॉवरसीएलआयची स्क्रिप्ट ती ओळीओळीने वाचते, ‘गेट-व्हीएम’ने मशीन शोधते आणि ‘न्यू-टॅगअसाइनमेंट’ने टॅग चिकटवते. टॅगचा गट बनवताना कार्डिनॅलिटी ‘सिंगल’ ठेवावी. मग एका मशीनला दोन विंडो लागूच शकत नाहीत, दुसऱ्या टॅगला प्रणालीच नकार देते. एकमेकांना पर्याय असलेले दोन सर्व्हर मात्र कधीही एका विंडोत टाकू नयेत. सेजवाल्यांनी जोडी ठेवली ती याचसाठी, पण सीएसव्हीच्या दोन लांबच्या ओळींत ती जोडी डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी यादीत जोडीदाराच्या नावाचा रकाना हवा आणि तो स्क्रिप्टने टॅग लावायच्या आधी तपासायला हवा.

शेवटी स्क्रिप्टने एकही टॅग नसलेल्या मशीनची यादी काढायची. ही यादी बहुधा सगळ्यांत बोलकी असते: संपलेल्या प्रकल्पांची मशीन, नोकरी सोडून गेलेल्यांची मशीन, आणि मधूनच एखादं असं, ज्यावर पगारपत्रकं निघतात पण ज्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही. त्याला परस्पर कुठलीतरी विंडो देऊन टाकू नये. आधी मालक शोधावा आणि महिन्यातल्या कोणत्या रात्री हे बंद ठेवलं तर चालेल, ते त्यालाच विचारावं.