तेंदूच्या पानातला धूर

वैशाखात गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकशाच्या जंगलात उजाडायच्या आत माणसे तेंदूच्या झुडपांवर वाकलेली असतात. पाने खुडायची, घरी आणून एकावर एक रचायची, 70 पानांचा पुडा वाकाने बांधायचा आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. असे 1000 पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. हे पान वाळले तरी वळते, तडकत नाही. बिडीला तेवढेच हवे असते.

बिडी मूळची गुजरातकडची. पण तेंदूचे जंगल मध्य प्रांतात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातचे पटेल व्यापारी त्याच्या मागावर जबलपूर, गोंदियाकडे सरकले. गोंदियाला बंगाल नागपूर रेल्वेचे स्टेशन होतेच. जबलपूरची अरुंद रूळवाटही आली. तंबाखू गाडीने यायची, पान जंगलातून. सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाया हजारी दराने बिड्या वळायच्या. कारखानदार आणि मजूर यांच्यामध्ये सट्टेदार, म्हणजे ठेकेदार. वळलेल्यातली खराब बिडी ‘छाट’ म्हणून बाजूला पडायची आणि तिची मजुरी बुडायची.

छोटाभाई जेठाभाई ही पेढी या धंद्यातले मोठे नाव. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेल्यावर जुने तेंदूपानाचे करार टिकतात का, हा तिचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. पेढी जिंकली, पण 1959 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने ते मत फिरवले. गोंदियातले बिडी व्यावसायिक मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. जिल्ह्यातल्या कितीतरी पहिल्या पदव्यांमागे हा बिडीचा पैसा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पान कोणाचे, मजुरी किती, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, 1966 मध्ये बिडी कामगारांचा कायदा झाला. ओढणाऱ्याच्या रक्ताचा हिशेब मात्र दुसरीकडेच मांडला जात होता, तोही सिगारेटवर.

प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे डेंग्यूने घरोघरी नेला. आकडा लाखाखाली आला की नातेवाईक धावपळ करतात. जास्त चिकट झालेल्या प्लेटलेटची चौकशी कोणी करत नाही, कारण साध्या मोजणीत ती दिसतच नाही. इटलीच्या जूलिओ बित्सोझेरो यांनी 1882 मध्ये हे कण ओळखले आणि रक्त गोठण्यातले त्यांचे काम दाखवले. जखम झाली की ते एकमेकांना चिकटून भोक बुजवतात. जखम नसताना हृदयाच्या धमनीत चिकटले, तर गुठळी.

1973 मध्ये अमेरिकेत पीटर लेव्हिन यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना एकच सिगारेट ओढायला दिली आणि रक्त तपासले. प्लेटलेट आधीपेक्षा चटकन गोळा होऊ लागल्या होत्या. मग लेट्यूसच्या पानांची, तंबाखूविना सिगारेट दिली. तो परिणाम दिसला नाही. म्हणजे नुसत्या धुराचा नव्हे, तंबाखूचा हा गुण. निकोटिनने अॅड्रेनलिन वाढते, त्याने प्लेटलेट चाळवतात. धुरातली इतर द्रव्ये रक्तवाहिनीचे अस्तरही खराब करतात.

बिडी ‘नैसर्गिक’, म्हणून सौम्य, हा समज गोंदियातच नव्हे, सगळीकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा फारशी आत शिरत नाही, म्हणून बिडी विझते आणि पुन्हा पुन्हा, जोर लावून ओढावी लागते. तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, पण निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड कमी मिळत नाहीत. पानाचा जो गुण धंद्याला फळला, तोच छातीला नडतो.

नडलेल्या छातीसाठी सोय मात्र उशिरा आली: गोंदिया जिल्हा 1999 मध्ये झाला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 मध्ये आले. आणि करात सूट बिडीलाच मिळाली: सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटसाठी 40 टक्के दर ठरवला, बिडीचा 28 वरून 18 वर आणला आणि तेंदूपानाचा 18 वरून 5 वर.