लाल बावट्याची गाणी आणि त्यांच्या जन्मकथा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. राजांच्या पदरी बखरकार होते. कामगारांच्या पदरी कोण होते? संपाची पत्रके रद्दीत गेली, युनियनच्या कचेरीचे भाडे थकले तेव्हा दप्तरेही गेली. ज्यांनी सभा गाजविल्या त्यांची भाषणे वाऱ्यावर विरली. मागे राहिली ती गाणी. म्हणून कामगाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला शाहिराच्या दारी जाणे प्राप्त आहे. आज मी तुमच्यापुढे एका कलापथकाची मला प्रिय असलेली काही गाणी ठेवणार आहे. गाणी तुम्हांला ठाऊक असतील; ती कशातून जन्मली, हे सांगणे माझे काम.

अणदूरच्या माणसाला शाहिरी शिकवावी लागत नाही. आपला खंडोबा एकाच मूर्तीने अणदूर आणि नळदुर्ग अशी दोन ठाणी सांभाळतो, आणि त्याच्या जागरणात दिमडी-तुणतुण्यावर वाघ्या-मुरळी रात्र जागवतात. एकाने कथा उचलावी, साथीदारांनी झील धरावी, मध्येच एखाद्याने खोचक प्रश्न विचारून हशा पिकवावा, हा सारा व्यवहार आपल्या कानांत मुरलेला आहे. लाल बावटा कलापथकाने नवे काय केले? वाद्ये तीच, चाली त्याच, ऐकणारेही तेच. विषय मात्र बदलला.

हे कलापथक १९४४ साली मुंबईत उभे राहिले. त्यात तीन शाहीर होते: अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर. अण्णाभाऊ वारणेकाठच्या वाटेगावचे, मातंग समाजातले, जन्म १९२० चा. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. बापाबरोबर पायी चालत मुंबई गाठली, मिळेल ते काम केले, आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे वाचता वाचता अक्षर ओळखले. अमर शेख तर आपल्या शेजारचे, बार्शीचे. मूळ नाव मेहबूब पटेल, जन्म १९१६ चा. आईच्या जात्यावरच्या ओव्या हे त्यांचे पहिले विद्यालय. गिरणीत राबले, संपात उतरले, तुरुंग पाहिला, काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काढला, आणि तेथून चळवळीत आले ते पहाडी आवाज घेऊनच. त्या काळी बार्शी इंग्रजी मुलखात आणि अणदूर निजामाच्या. त्या अंगाला सभा भरत असताना या अंगाला आगाऊ परवानगीवाचून चार माणसे जमविणे हा गुन्हा होता. बार्शीचा आवाज आपल्या वाडवडिलांना मोकळेपणाने ऐकता आला तो १७ सप्टेंबर १९४८ नंतर.

पहिले गाणे कलापथकाच्याही आधीचे, अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा. १९४३ च्या फेब्रुवारीत त्या शहरापुढे जर्मन फौजेने शस्त्रे टाकली. ती बातमी येथे छापून येई, पण गिरणी कामगारांत वाचणारे किती? अण्णाभाऊंनी रशिया पाहिला नव्हता. त्यांनी केले ते असे की, मराठी पोवाड्यात गड जसा लढतो तसे ते शहर लढविले. ऐकणाऱ्याला नकाशा लागला नाही. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच काळात देशात 'चले जाव'ची चळवळ पेटली होती, आणि कम्युनिस्ट पक्ष महायुद्धाला लोकयुद्ध म्हणून तिच्यापासून दूर उभा होता. तो निर्णय अनेकांना रुचला नाही व आजही रुचत नाही. पोवाड्याची थोरवी सांगताना ही दुखरी जागा झाकू नये. पुढे १९६१ साली अण्णाभाऊ स्वतः रशियाला जाऊन आले. त्याच वर्षी त्या शहराचे नाव बदलून व्होल्गोग्राद झाले. जुने नाव मराठी पोवाड्यात मात्र तसेच राहिले.

दुसरे गाणे अमळनेरचे. साने गुरुजी ज्या गावी शिक्षक होते त्याच गावी प्रताप मिलच्या कामगारांवर १९४६ साली गोळीबार झाला. श्रीपत पाटील आणि त्यांचे साथी ठार झाले. अण्णाभाऊंनी त्यांच्यावर 'अमळनेरचे अमर हुतात्मे' हा पोवाडा रचला. मी आयुष्यभर गिरणीच्या आणि कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेतल्या आहेत. मेलेल्या कामगाराचे नाव किती लवकर पुसले जाते, ते मला ठाऊक आहे. नुकसानभरपाईचा अर्ज निकाली निघाला की कागदावरून तो माणूस संपतो. पूर्वी पोवाडा होत असे तो अफझलखानाच्या वधाचा, तानाजीचा. साच्यावर काम करणाऱ्याचाही पोवाडा होऊ शकतो, त्याचेही नाव डफावर घेता येते, हे या गाण्याने ठरविले. माझ्या मते हा लहान बदल नव्हे.

तिसरी मुंबईची लावणी. हिच्या पोटी एक झगडा आहे. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती. तीत त्या नगरीचे वैभव आहे. रेथऱ्याहून आलेला कवी दिपून गेला आहे. अण्णाभाऊंनी तेच नगर, तोच प्रकार घेतला आणि उत्तर दिले. त्यांच्या लावणीत उंचावर मलबार हिल आहे आणि खाली परळ आहे. उंचावर राहणारे सुखात आहेत आणि खाली राबणारे घाम गाळीत आहेत. बापूरावांना अण्णाभाऊंनी खोटे पाडले असे मी म्हणणार नाही. दोघांनीही पाहिले ते खरेच होते. एकाने पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिले, दुसऱ्याने चाळीतून. शिष्याने गुरूशी भांडावे ते त्याच्याच वृत्तात, ही आपली जुनी रीत अण्णाभाऊंनी पाळली.

या मंडळींनी तमाशालाही हात घातला. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि तिच्यासाठी झुंजलेल्यांना वंदन आले, गवळण गळली. १९४५ च्या 'अकलेची गोष्ट'मध्ये सावकाराची गाठ शेतकऱ्याच्या अकलेशी पडते. स्वातंत्र्य आले, पण मुंबई सरकारने या तमाशांवर बंदी आणली. तेव्हा तमाशा हे नाव टाकून तोच खेळ लोकनाट्य म्हणून पुढे आला. आज लोकनाट्य हा शब्द आपण सहज वापरतो. त्याच्या पाठीमागे ती बंदी उभी आहे, याची आठवण असावी.

आता चौथे गाणे, 'माझी मैना'. प्रकार छक्कड. गिरणीतला गडी एकटा मुंबईला येई. दहा-बारा जणांत एक खोली, जेवायला खाणावळ, आणि बायको गावी. तिला आणावे तर खोली नाही, खोली घ्यावी तर पगार पुरत नाही. हा विरह शृंगाराचा नव्हे, मजुरीच्या दराचा आहे. अण्णाभाऊ प्रथम त्या मैनेचे रूप, तिचा साज, तिचा निरोप सारे वर्णितात, ऐकणारा पाघळतो. मग गडी मुंबईत येतो, तेथली बेकारी आणि महागाई भोगतो, आणि शेवटी गाणे एकदम वळण घेते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे ऐकू येतात. घरची मैना जशी मागे राहिली तशी महाराष्ट्राची मैनाही दूर राहिली.

या लढ्यात १९५५-५६ साली मुंबईत गोळीबार झाले, शंभरावर माणसे कामी आली. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक राज्य झाले आणि त्या दिवशी आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या चौकटीतून सुटून मराठी मुलखात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. आपण आत आलो, बेळगाव बाहेर राहिले. २००४ साली महाराष्ट्राने तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. हल्ली लग्नाच्या वरातीत हे गाणे वाजते ते बहुधा पहिल्या अर्ध्यापुरते. मैनेचे रूप तेवढे वाजते आणि तिची हकीकत कापली जाते. माझी खरी तक्रार ती आहे. शेपूट तोडलेल्या गाण्याला इतिहास राहत नाही, नुसता ठेका राहतो.

पाचवे गाणे 'जग बदल घालुनी घाव'. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. पक्षाचा लाल बावटा आणि बाबासाहेबांचा निळा झेंडा यांचे सूर नेहमी जुळले होते असे नाही. तथापि अण्णाभाऊंनी पक्षाच्या ठरावाची वाट पाहिली नाही. जातीची गुलामी भोगलेल्या माणसाने आपल्या मुक्तिदात्याला वाहिलेली ती श्रद्धांजली आहे. १९५९ ची 'फकिरा' कादंबरीही त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीलाच अर्पण केली. शाहीर पक्षाचा असतो, पण गाणे पक्षाचे राहत नाही, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. अमर शेखांचेही तेच. १९६२ साली चिनी फौजा हिमालय ओलांडून आल्या तेव्हा पक्षात काथ्याकूट चालू होता. हा गडी मात्र देशाच्या रक्षणाची गाणी गात गावोगाव फिरला.

१९६९ साली १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, ते दारिद्र्यात. त्याच वर्षी २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. सहा आठवड्यांत एका युगाचे दोन आवाज थांबले. २०२२ साली मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला. पुतळा झाला याचा आनंदच आहे. परंतु पुतळ्याला गाता येत नाही.

श्रोतेहो, गिरण्या गेल्या, मैनेची गोष्ट गेली नाही. आपल्याच भागातले गडी आज पुण्याला, मुंबईला जातात. ऊसतोडीला तर मैनाही कोयता घेऊन निघते आणि गावी राहतात ती म्हातारी माणसे व शाळेतली पोरे. या विरहाचे गाणे कोणी तरी रचीत असेलच. माझी विनंती एवढीच. ज्या घरात कोणी आजी निजामाच्या दिवसांतल्या ओव्या म्हणते, ज्या वस्तीवर कोणी म्हातारा जुन्या संपाचा पोवाडा म्हणतो, तेथे वही घेऊन बसा. गाणे लिहून घ्या, आणि त्याखाली कोणी, कोठे, कशासाठी रचले तेही लिहा. गाणे जसे जपावयाचे तशी त्याची जन्मकथाही जपली पाहिजे. ते काम विद्यापीठांवर टाकून चालणार नाही. दीड दिवसाच्या शाळेवर एवढे होऊ शकले, तर आपल्याला अवघड काय आहे?