पत्र वाहणाऱ्याने पत्र वाचू नये

पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्र यांतला फरक आपल्या आधीच्या पिढ्यांना कोणी शिकवावा लागला नाही. खुशाली, लग्नाची तारीख, पाहुणे कोणत्या गाडीने येणार, हे सारे पोस्टकार्डावर. कर्जाची बोलणी, सासरचा जाच, आजाराचे नाव हे मात्र आंतरदेशीय पत्रात, कडा नीट चिकटवून. कोपरा फाडलेले कार्ड हातात पडले, की मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना पोस्टमनच पत्र वाचून दाखवी आणि उत्तरही लिहून देई. घराघरांतली गुपिते त्याला ठाऊक असत. पण ती सांगितली म्हणून ठाऊक असत. त्याच पोस्टमनने न विचारता चिकटवलेली कड सोडवली असती, तर मजकूर त्याने पुढे कोणाला सांगितला की नाही, हा प्रश्न नंतरचा ठरला असता. गाव आधी कड सोडवल्याबद्दलच बोलले असते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमध्ये एक मोठे प्रकरण या साध्या समजुतीभोवती घडले. घरोघरी इंटरनेट पोचवणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांचे वाचन, त्यांना न सांगता, जाहिरातींसाठी चाळून पाहिले. त्या प्रकरणाचा हा मागोवा आहे. परंतु सुरुवात त्याच देशात, त्याआधी एकशे साठ वर्षांहून जुन्या एका प्रसंगापासून करावी लागते.

खसखशीचे दाणे

जोसेफ मॅझिनी हे नाव मराठी वाचकांना अपरिचित नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी त्याच्या लेखनाचे मराठी भाषांतर केले आणि ते १९०७ साली प्रसिद्ध झाले. हा इटालियन क्रांतिकारक लंडनमध्ये आश्रयाला होता. १८४४ च्या वसंतात त्याला संशय आला, की आपली पत्रे वाटेत कोणीतरी उघडते आहे. खात्री करण्यासाठी त्याने मित्रांकरवी पत्रांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस असे काहीबाही घालायला सुरुवात केली. पत्र हाती येई तेव्हा सील जागेवर असे. दाणे मात्र नाहीसे झालेले असत.

१४ जून १८४४ रोजी थॉमस डंकोम्ब या खासदाराने हा विषय संसदेत मांडला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनी वॉरंटवर सही केली होती आणि टपाल खात्यातच पत्रे उघडून पुन्हा बेमालूम बंद केली जात होती, असे निष्पन्न झाले. थॉमस कार्लाइलने 'टाइम्स'ला पत्र लिहून मॅझिनीची बाजू घेतली. 'पंच' साप्ताहिकाने गृहमंत्र्यांची टिंगल मांडली. लोक पाकिटांवर 'ग्रॅहॅम करू नये' अशा अर्थाची सूचना लिहू लागले. एका मंत्र्याच्या नावाचे क्रियापद झाले.

गंमत अशी, की कायदा फारसा बदलला नाही. वॉरंट काढण्याचा सरकारचा अधिकार तसाच राहिला. बदलला तो लोकव्यवहारातला संकेत: पत्र वाहून नेणाऱ्याने ते वाचणे ही शरमेची गोष्ट आहे, हा संकेत पक्का झाला. पेनी पोस्ट १८४० साली सुरू झाले तोपर्यंत टपालाचा दर कागदांच्या संख्येवर असे, म्हणून लोक कागदाचीच घडी घालून तीवर लाख लावीत. आता दर वजनावर आला आणि स्वतंत्र पाकिटाची चैन सर्वांना परवडू लागली. संकेत आणि पाकीट, दोन्ही एकाच दशकात रुजले.

संगणकात व्हायरस असावा

इंटरनेट घरात आले तेव्हा ते पाकिटाविना आले. बँकेचा व्यवहार आणि तत्सम थोडे अपवाद सोडले, तर २००६ च्या सुमारास बहुतेक पाने उघड्या पोस्टकार्डासारखी तारेतून वाहत होती. वाटेतल्या ज्याच्या हाती तार, त्याला ती वाचता येत. सर्वांत जवळची तार होती इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची. संकेतस्थळ चालवणाऱ्याला आपण त्याच्या दुकानात आलो तेवढेच दिसते. पुरवठादार कंपनीला आपण कोणकोणत्या दुकानांत गेलो, कुठे रेंगाळलो आणि कुठून घाईने बाहेर पडलो, हे सगळे दिसू शकते.

या जागेचे मोल लंडनमधील एका कंपनीने ओळखले. पूर्वी तिचे नाव '१२१ मीडिया' होते आणि लोकांच्या संगणकांत शिरून जाहिराती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा तिचा धंदा होता. तो बंद करून २००७ साली तिने 'फॉर्म' हे नवे नाव घेतले. योजना अशी, की यंत्र ग्राहकाच्या संगणकाऐवजी पुरवठादाराच्याच जाळ्यात बसवायचे. म्हणजे ग्राहकाने काही उतरवून घेण्याचा वा काढून टाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

बीटी, म्हणजे पूर्वीची ब्रिटिश टेलिकॉम, हिने २००६ च्या शरद ऋतूत या यंत्रणेची पहिली चाचणी घेतली. सुमारे १८ हजार ग्राहकांच्या पानांत मजकुराबरोबर एक छोटा प्रोग्रॅम मिसळला गेला. ग्राहकांना सांगितले नाही, संमती विचारली नाही. २००७ च्या उन्हाळ्यात दुसरी चाचणी झाली, तीही तशीच. या वेळी मात्र काही चौकस ग्राहकांच्या लक्षात आले, की पान उघडताना ब्राउझरमध्ये एक अनोळखी पत्ता क्षणभर झळकतो. त्यांनी बीटीकडे विचारणा केली. उत्तर मिळाले, की तुमच्या संगणकात व्हायरससारखे काहीतरी शिरले असावे. खसखशीचे दाणे हरवले होते, आणि टपाल खाते म्हणत होते की तुमच्याच घरात उंदीर असतील.

१४ फेब्रुवारी २००८ रोजी बीटी, व्हर्जिन मीडिया आणि टॉकटॉक या तीन मोठ्या पुरवठादारांशी करार झाल्याचे फॉर्मने जाहीर केले. ग्राहकांपुढे ही सेवा 'वेबवाइज' या नावाने येणार होती: फसव्या संकेतस्थळांपासून संरक्षण आणि आवडीच्या जाहिराती, असे तिचे गोंडस रूप. त्यानंतरच्या काही आठवड्यांत आधीच्या गुप्त चाचण्या बाहेर आल्या आणि बीटीला त्या कबूल कराव्या लागल्या.

यंत्र वाचते, माणूस नाही

केंब्रिज विद्यापीठातील सुरक्षातज्ज्ञ रिचर्ड क्लेटन यांनी कंपनीकडूनच माहिती घेऊन एप्रिल २००८ मध्ये यंत्रणेचे वर्णन प्रसिद्ध केले. ते वाचण्यासारखे आहे. ग्राहकाने एखादे पान मागितले, की ती मागणी मुक्कामी जाण्याआधी तीन वळसे घेई. या वळशांत ग्राहकाला एक क्रमांक दिला जाई आणि तो त्याच्या ब्राउझरमध्ये कुकीच्या रूपाने ठेवला जाई. ज्या संकेतस्थळावर तो चालला असेल त्याच्या नावानेही एक कुकी ठेवली जाई. जणू ती त्या संकेतस्थळानेच ठेवली. संकेतस्थळाच्या मालकाला याचा पत्ता नसे. मग पानाची प्रत काढली जाई, वारंवार येणारे शब्द वेचले जात, ते जाहिरातींच्या विषयांशी जुळवले जात आणि प्रत टाकून दिली जाई. मागे उरे क्रमांक आणि त्याच्या आवडीनिवडी.

कंपनीचा बचाव याच तपशिलावर उभा होता. आम्हाला नाव ठाऊक नाही, पत्ता साठवत नाही, लांबलचक आकडे गाळतो, ईमेल वाचत नाही. वाचते ते यंत्र आणि लगेच विसरते. हा बचाव अगदीच पोकळ नव्हता. साठवणुकीच्या बाबतीत ही यंत्रणा कित्येक शोधयंत्रांपेक्षा सोवळी होती, हे मान्य करायला हवे. पण तिचे विरोधक वेगळीच गोष्ट सांगत होते. कॅन्सरवरचे पान, कर्जमुक्तीचे पान, घटस्फोटाच्या वकिलाचे पान यांतले शब्द वेचायचे, तर आधी पान उघडावे लागते. नको म्हणणाऱ्याचा नकारही कुकीतच नोंदवायचा असल्यामुळे कुकी पुसल्या की नकारही पुसला जाणार होता. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मार्च २००८ मध्ये स्पष्ट सांगितले, की आपल्या पुरवठादाराने असे काही आणले तर आपण पुरवठादार बदलू. एखाद्या आजाराविषयी आपण काय वाचले यावरून उद्या विम्याचा हप्ता वाढलेला त्यांना नको होता.

नुकसान कोणाचे झाले?

कायद्याची कथा मात्र निराशेची आहे. परवानगीविना दळणवळण मध्येच अडवून पाहणे २००० सालच्या ब्रिटिश कायद्यानुसार गुन्हा होता. परंतु संमती आहे असे मानण्यास 'वाजवी कारण' असले तरी पुरे, अशी फट त्यात होती. लंडन शहर पोलिसांनी सप्टेंबर २००८ मध्ये तपास थांबवला. गृहखात्याने आपला कायदेशीर सल्ला पक्का करताना फॉर्मचेच मत मागवले होते आणि या भूमिकेने तुमच्या ग्राहक कंपन्यांना दिलासा मिळेल का, असे विचारले होते, हे पुढे माहितीच्या अधिकारात मिळालेल्या ईमेलवरून उघड झाले. एप्रिल २०११ मध्ये सरकारी अभियोग विभागाने खटला न भरण्याचे ठरवले. कायद्याचा प्रामाणिक गैरसमज झाला होता आणि कोणाचे नुकसान वा हानी झाल्याचा पुरावा नाही, हे त्यामागचे एक कारण.

'नुकसान नाही' हे शब्द या प्रकरणाचा गाभा आहेत. मॅझिनीचे पत्र उघडले गेल्याने मॅझिनीचे काय नुकसान झाले, असा हिशेब १८४४ साली लोकांनी आधी मागितला नव्हता. वाहकाने उघडले, एवढेच त्यांना पुरेसे होते. दरम्यानच्या काळात खासगीपणाचे मोजमाप पैशातल्या तोट्यावर आले होते, आणि त्या तराजूत १८ हजार घरांचे वाचन शून्य वजनाचे ठरले.

फॉर्मला हरवले ते बाजाराने आणि लोकांच्या नाराजीने. एप्रिल २००९ मध्ये ॲमेझॉन आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने आपली पाने या यंत्रणेतून वगळायला लावली. त्याच महिन्यात युरोपीय आयोगाने ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली. जुलैत बीटीने योजना बाजूला ठेवली. पुढे २०११ मध्ये ब्रिटनने 'वाजवी कारणा'ची फट बुजवली, बेकायदा अडवणुकीसाठी ५० हजार पौंडांपर्यंत दंडाची तरतूद केली आणि आयोगाने जानेवारी २०१२ मध्ये प्रकरण मिटवले. फॉर्मने इतर देशांत बस्तान बसवण्याची धडपड केली. २०१६ मध्ये ती कंपनी आटोपली.

किंमत आणि पाकीट

अमेरिकेत असाच प्रयोग 'नेबूॲड' या कंपनीने केला आणि २००८ च्या संसदीय सुनावण्यांनंतर तीही बुडाली. कल्पना मात्र बुडाली नाही. व्हेरायझन ही मोबाइल कंपनी ग्राहकाच्या प्रत्येक मागणीला एक न पुसता येणारा ओळख-क्रमांक जोडते, हे २०१४ मध्ये सर्वांना कळले. २०१६ मध्ये तिला साडेतेरा लाख डॉलरचा दंड झाला. एटी अँड टीने तर खासगीपणाची किंमतच ठरवली: वाचन पाहू दिले तर महिना ७० डॉलर, नाही तर ९९. पुरवठादारांनी आधी ग्राहकाची संमती घ्यावी असा नियम ऑक्टोबर २०१६ मध्ये झाला. एप्रिल २०१७ मध्ये, पुरता अमलात येण्यापूर्वीच, तो रद्द झाला.

जिथे कायदा कमी पडला तिथे पुन्हा पाकीटच कामी आले. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने सरकारी पाळतीची कागदपत्रे उघड केल्यावर संकेतस्थळे झपाट्याने सांकेतिक रूपात पाने पाठवू लागली. 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने त्यासाठीची प्रमाणपत्रे २०१५ च्या अखेरीपासून फुकट दिली, तेव्हा पेनी पोस्टसारखीच ही चैन सर्वांच्या आवाक्यात आली. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला दिसणारे 'एचटीटीपीएस' म्हणजे ते पाकीट. पण पाकिटावर पत्ता असतोच. पुरवठादाराला आजही बहुधा कळते, की रात्री दोन वाजता या घरातून कुठल्या रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडले गेले. आत काय वाचले तेवढे कळत नाही.

आपल्याकडे

भारतातही खसखशीचे दाणे एकदा सांडले आहेत. जून २०१५ मध्ये बंगळूरूच्या एका प्रोग्रॅमरला एअरटेलच्या ३जी जोडणीवर आपल्याच संकेतस्थळाच्या पानात परका प्रोग्रॅम मिसळलेला आढळला. ग्राहकांना आपला डेटा किती खर्च झाला हे कळावे म्हणून केलेली ही चाचणी होती, असे एअरटेलने सांगितले. तो मजकूर जाहीर करणाऱ्या प्रोग्रॅमरला मात्र, ज्या इस्रायली कंपनीचा तो प्रोग्रॅम होता तिच्याकडून कायदेशीर नोटीस आली.

वास्तविक या विषयात आपला इतिहास लाजिरवाणा नाही. १९८६ मध्ये पत्रे उघडण्याचा सरकारचा अधिकार वाढवणारे टपाल दुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही आणि ते कायदा होऊ शकले नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी असे म्हटले. सरकारसाठी सवलतीही तितक्याच मोकळ्या हाताने ठेवल्या. त्याच वर्षीच्या नव्या टपाल कायद्यात टपाल अडवून पाहण्याचा अधिकार कायम आहे.

बीटीच्या त्या ग्राहकांना व्हायरसची शंका घालून परत पाठवले, तेव्हा त्यातल्या काहींनी आपले संगणक साफ करून पाहिले असतील, स्वतःलाच दोष दिला असेल. तरी पडद्यावर क्षणभर झळकलेल्या त्या पत्त्याचा पिच्छा त्यांनी सोडला नाही, म्हणून पुढचे सारे घडले. पाळत ठेवणाऱ्याची ताकद पाळत दिसत नाही यात असते. मॅझिनीला निदान खसखस सुचली होती. आपण दिवसभरात ज्या तारेतून वाचतो, शोधतो, घाबरतो आणि चौकशा करतो, तिच्यात दाणे कुठे ठेवायचे, हे आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे.