दिनविशेष : १९ मे – निळ्या डागाचे तेंडुलकर

नाटककार, पटकथाकार आणि उतारवयात कादंबरीकडेही वळलेले विजय तेंडुलकर यांचे १९ मे २००८ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या नाटकांइतकेच त्यांवरचे खटले, बंदी आणि मोर्चे गाजले.

१९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ रंगमंचावर आणले. एका स्त्रीपात्राच्या लुगड्यावरचा गर्भपाताचा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाला खपेना. मग डाग निळा झाला, आणि तो लालच समजावा, अशी सूचना प्रयोगाआधी प्रेक्षकांना देण्यात आली! कात्रीला याहून खट्याळ उत्तर सापडणे कठीण.

१९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’वर बंदी आली. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्याच वर्षाअखेरीस पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिले. १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेनेच थांबवले. कलावंत बाहेर पडले, थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि नाटक १९८० साली युरोपातही पोहोचले.

नगरकरांना तेंडुलकर आणखी एका वाटेने ठाऊक आहेत. गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’ची (१९८३) पटकथा त्यांची, त्यातला थंड डोक्याचा रामा शेट्टी साकारला नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी. या भूमिकेने त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर मिळवून दिले.