घंटा वाजवणारे मामा आणि रयतेची शाळा

परवा आपल्या भागातल्या एका शाळेत निरोप समारंभाला गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही. अशा शाळा पनवेल-उरण पट्ट्यात चिक्कार आहेत, कुणीही आपली समजावी. निवृत्त होत होते शाळेचे शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणतात. मुख्याध्यापक पण मामा म्हणतात, आणि मुख्याध्यापक वयाने त्यांच्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी लहान असतील.

शाल झाली, श्रीफळ झालं. पाच-सहा भाषणं झाली, सगळ्यांत "शाळेचा कणा" आला. मग मामा बोलायला उभे राहिले आणि दोनच वाक्यं बोलले. "चाव्या कुणाकडं देऊ ते सांगा. तीन दिवस विचारतोय."

सगळे हसले. पण चाव्या घ्यायला खरंच कुणी नव्हतं. मामांची जागा आता भरली जाणार नाही. ११ डिसेंबर २०२० चा शासन निर्णय आहे. खासगी अनुदानित शाळांतला शिपाई निवृत्त झाला की ते पद व्यपगत, म्हणजे संपलं. त्याच्या बदल्यात शाळेला शिपाई भत्ता मिळणार. मुंबई-पुण्यात महिना १० हजार, इतर महापालिकांत साडेसात हजार, ग्रामीण भागात ५ हजार. त्यात माणूस आणा, नाहीतर स्वतः झाडू मारा.

हे तेव्हा पेपरात आलं होतं. मी पण बातमी केली होती, दोन कॉलम. खरं सांगायचं तर करोनाच्या गडबडीत मलाही ती बातमी तेवढ्यापुरतीच वाटली. परवा मामांच्या हातात तो चाव्यांचा जुडगा बघितला तेव्हा जरा वेगळी समजली.

समारंभात माझ्या शेजारी एक निवृत्त सर बसले होते. मूळचे सातारा जिल्ह्यातले, रयत शिक्षण संस्थेत नोकरी, सत्तरच्या दशकात बदलीवर इकडे आले ते इकडचेच झाले. ते हळूच म्हणाले, "आमच्याकडं शिपाई असा शब्दच नव्हता ओ. सगळे सेवक. मी सेवक, मुख्याध्यापक सेवक, घंटा वाजवणारा पण सेवक."

हा 'सेवक' शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्याच्यामागे काय आहे याचा कधी विचार केला नव्हता. म्हणून आज जरा लांबचं लिहितो. वाचायला वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

रयत शिक्षण संस्था १९१९ साली निघाली, कराडजवळच्या काले गावात, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत. काढणारे भाऊराव पाटील, म्हणजे आपले कर्मवीर अण्णा. १९२४ ला संस्था साताऱ्यात आली आणि तिथे सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू झालं. एकत्र राहणं, एकत्र स्वयंपाक, एका पंगतीत जेवण. त्या काळात हे साधं नव्हतं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले.

पैसा कुठून यायचा? मुष्टिफंड. घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करायचं. आणि ते कमी पडलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांनी एकेक करून अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी गेलं. ही गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलीय, दरवर्षी २२ सप्टेंबरला. पण ती ऐकताना एक गोष्ट सुटते. लक्ष्मीबाई संस्थेच्या कुठल्याही पदावर नव्हत्या. आजच्या भाषेत त्या शिक्षकेतर कर्मचारी. बिनपगारी. स्वयंपाक, आजारी पोरांची उठबस, पीठ-मिठाचा हिशोब. १९३० साली त्या गेल्या. बोर्डिंग त्यांच्याशिवाय उभं राहिलं असतं का, मला शंका आहे.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तारीख. १९४०. त्या वर्षी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं, कमवा आणि शिका वालं. सगळे तेच सांगतात. पण त्याच वर्षी संस्थेतल्या सेवकांची सहकारी पतपेढी पण निघाली. तिला नाव दिलं लक्ष्मीबाईंचं. तिचीच पुढे रयत सेवक बँक झाली.

पतपेढी म्हटलं की आज लोक तोंड वाकडं करतात, बुडालेल्या ठेवी आठवतात. पण नोकरदारांची पतपेढी वेगळी. पगारातून महिन्याला थोडी रक्कम कापायची, तो तुमचा भाग. घरात लग्न निघालं, बाळंतपण आलं, पोराची फी आली की कर्ज. त्याला दोन सहकाऱ्यांची जामीनकी. सावकाराच्या दारात जायचं नाही. आणि सहकाराचा मूळ नियम असा की एक सभासद, एक मत. तुमचा भाग दहा रुपयांचा असो की हजाराचा.

म्हणजे बघा. शाळेच्या वेळेत मुख्याध्यापक साहेब, शिपाई समोर उभा. संध्याकाळी पतपेढीच्या सभेत दोघांचं मत सारखंच. आणि कधी कधी साहेबांच्या कर्जाच्या कागदावर शिपायाची सही जामीनदार म्हणून. शेजारी बसलेले ते सर म्हणाले, त्यांच्या पहिल्या कर्जाला जामीन एक लॅब असिस्टंट होता. "त्याला पुढं दहा वर्षं मी जोरात बोललो नाही," म्हणाले.

मास्तरांनीच शाळा चालवायची, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. पुण्यात १८८० साली चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढे १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी. आजीव सभासद म्हणजे शिक्षक तोच मालक, पगार ठरलेला आणि कमी. गोखल्यांनी तिथे महिना ७५ रुपयांवर वीसेक वर्षं काढली. बाहेरची कमाई घ्यायची की नाही यावरून तिथे भांडणंही झाली, १८९० ला टिळक बाहेर पडले त्याला हेही एक कारण होतं. पण त्या आजीव सभासदांच्या बैठकीत चपराशी बसत नव्हता. साताऱ्यात मास्तर आणि चपराशी एका शब्दाखाली आले, एका पतपेढीत आले. मला फरक तिथे दिसतो.

अर्थात सगळं गोड नव्हतं. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ ला, भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारने रयतचं अनुदान बंद केलं. अनुदान बंद म्हणजे काय, हे सचिवालयात नाही कळत. ते पहिल्या तारखेला स्टाफरूममध्ये कळतं. वाणी उधार देतो, पण किती? शेवटी गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान परत सुरू झालं असं सांगतात. पण तोवर संस्था तगली ती कमी खाणाऱ्या माणसांच्या जिवावर. आणि त्याच काळात अण्णांनी गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला होता! खिशात पैसा नाही आणि १०१ शाळा. आमच्या पत्रकारांच्या भाषेत याला 'हेडिंग' म्हणतात. पण शाळा खरंच निघत गेल्या.

त्यातल्या काही आपल्याकडे आल्या.

आज वाशीच्या पामबीचवर फिरणाऱ्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण १९७० ला सिडको आली तेव्हा इथे ९५ गावं होती. भातशेती, मिठागरं, खाडी. वाशीचा खाडीपूल १९७३ चा, रेल्वे तर १९९२ ला आली. जासईच्या रयतच्या शाळेच्या नावात अजून 'दहागाव विभाग' असं आहे. एका गावाची शाळा नाही, दहा गावांची. एका गावाच्या आवाक्यात हायस्कूल नसायचं, दहा गावांच्या आवाक्यात यायचं. पतपेढीचंच गणित म्हणा ना.

आणि या शाळांवर शिक्षक यायचे घाटावरून. रयतमध्ये बदली जिल्हा बघत नाही. मे महिन्यात ऑर्डर, जूनमध्ये वळकटी घेऊन हजर. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस इथे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांपुढे बसायचा. सर सांगत होते, पहिल्या आठवड्यात वर्गात पोरं काय बोलतात ते त्यांना कळायचं नाही आणि पोरांना त्यांचं साताऱ्याचं "का रं?" ऐकून भांडण काढतायत असं वाटायचं. दुभाषा कोण? शिपाई. तो गावातला, आगरी. तोच सांगायचा कुठल्या पोराचा बाप होडीवर गेलाय म्हणून पोरगा येत नाही, कुठल्या घरात लावणीमुळे पंधरा दिवस हजेरी लागणार नाही, कुणाला छडी लावली तर संध्याकाळी आजी येऊन दारात बसेल.

मग जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांचा तो लढा, त्यातून साडेबारा टक्के आलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या लढ्याची कागदाची बाजू कुणी लिहीत नाही, आणि ती शाळेच्या ऑफिसात होती.

वारसांची नावं लावायची तर वय आणि नाव सिद्ध कशाने करणार? घरात जन्मदाखले नव्हते. शाळा सोडल्याचा दाखला. तो कुठून निघतो? जनरल रजिस्टर. ते कोण सांभाळतो? क्लार्क. १९८९ ला जेएनपीटी सुरू झालं, नोकरीसाठी परत तोच दाखला. ओबीसीचा दाखला काढायला १९६७ च्या आधीची नोंद लागते, परत तेच रजिस्टर. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदी शोधायला सरकारी माणसं गावोगाव जुनी रजिस्टरं उघडत बसली होती, ती पण असल्याच कुणा क्लार्क-शिपायाने वाळवीपासून वाचवलेली. २६ जुलै २००५ ला पाणी भरलं तेव्हा आमच्या या मामांनी आधी काय उचललं माहितीये? कॉम्प्युटर नाही. रजिस्टरं. कॉम्प्युटर गेला. मुख्याध्यापक तेव्हा चिडले होते म्हणे.

१९७७ साली खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी कायदा झाला, १९८१ ला त्याची नियमावली आली. त्याआधी संस्थाचालकाच्या मर्जीवर नोकरी असायची. त्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण दिलं, आणि त्यातही शिक्षक आणि शिपाई एकाच 'कर्मचारी' शब्दात बसवले. मला वाटतं रयतने जे मनाने केलं होतं ते सरकारने तेव्हा कायद्याने केलं. पुढे उलटी गिनती सुरू झाली. २००० ला शिक्षणसेवक आले, म्हणजे तीन वर्षं मानधनावर. २०१२ पासून हे मानधन महिना ६ ते ९ हजार होतं आणि २०२३ पर्यंत तिथेच अडकलं होतं. मग १६ ते २० हजार झालं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३ च्या संपात शिक्षक रस्त्यावर आले ते त्यासाठीच. आणि २०२० ला शिपाई शब्दच पुसला.

संस्थाचालकांची बाजू मी ऐकलीय. आणि सगळे शिपाई मामांसारखे नसतात, हेही मला माहीत आहे. काही जण साहेबांच्या घरची भाजी आणायलाच होते. पण म्हणून पदच नको? मग कामचुकार पत्रकार बघून पेपर बंद करायला पाहिजेत.

भत्त्यावर येणारा माणूस कंत्राटी. त्याला पगाराची खात्री नाही, म्हणून पतपेढी त्याला सभासद करून घेत नाही. सभासद नाही म्हणजे मत नाही, कर्ज नाही. त्याच्या घरी लग्न निघालं तर तो परत सावकाराकडे जाणार. आता सावकार मोबाइलच्या ॲपमध्ये बसतो, एवढाच फरक.

त्या दिवशी समारंभ संपल्यावर मामांनी चाव्यांचा जुडगा शेवटी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. एकेक चावी दाखवून सांगितलं. ही लॅबची, ही टाकीची, ही मुलींच्या स्वच्छतागृहाची, आणि ही छोटी रजिस्टरच्या कपाटाची, ती उलटी फिरवावी लागते. मुख्याध्यापकांनी कागदावर लिहून घेतलं.

सोमवारी सहज फोन केला शाळेत. घंटा सध्या आठवीची मुलं वाजवतात, पाळीपाळीने. पहिल्याच दिवशी मधली सुट्टी सात मिनिटं आधी झाली.